पक्षीगणनेच्या जुन्या एक्सेल शीट डार्विन कोअरमध्ये आणायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ_गणना

नमस्कार. नाशिकच्या आमच्या स्वयंसेवक गटाची हिवाळी पाणपक्षी गणना नांदूर मध्यमेश्वर आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर चालते. चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव, कोठुरे ही नांदूरची ठरलेली ठिकाणं, गंगापूरला काठावरची तीन. गणना नेहमी रविवारी सकाळी. नोंदी आधी कागदी तक्त्यावर, नंतरच्या वर्षांत गूगल फॉर्मवर, आणि शेवटी सगळं एक्सेलमध्ये.

दर हंगामाची शीट वेगळी आणि रकानेही वेगळे. कुठे पक्ष्याचं मराठी नाव आहे, कुठे इंग्रजी. संख्येच्या रकान्यात "१०-१२", "१००+", "खूप" असं काहीही आहे. जागेचे अक्षांश-रेखांश काही वर्षांत अंश-मिनिट-सेकंदात, काही वर्षांत दशांशात. शिवाय गटातल्या काहींनी त्याच सकाळची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकलेली आहे.

आता एका संशोधक विद्यार्थिनीला बंधाऱ्यातली पाणीपातळी आणि पक्षीसंख्या यांची तुलना करायची आहे, म्हणून तिला हा संच हवा आहे. तो जीबीआयएफवर, म्हणजे जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक खुल्या भांडारात, जावा असं गटालाही वाटतं. वाचायला घेतलं तर डार्विन कोअर, ईएमएल, पीपीएसआर कोअर, हम्बोल्ट अशी बरीच नावं समोर आली. यातलं नेमकं कोणतं घ्यायचं? आणि आधी काय करायचं, म्हणजे मेहनत दोनदा होणार नाही?

नोंदवही

या मानकांतून एक निवडून बाकीची सोडायची नसतात, त्यांच्या पातळ्या वेगळ्या आहेत. डार्विन कोअर प्रत्येक नोंदीसाठी आहे: कोणता पक्षी, कधी, कुठे, किती, कोणी पाहिला. टीडीडब्ल्यूजी या जैवविविधता-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००९ साली त्याला मानक म्हणून मान्यता दिली आणि जीबीआयएफ त्यावरच चालतं. ईएमएलची फाईल सबंध संचाची ओळख करून देते: शीर्षक, गोषवारा, गणनेची पद्धत, भौगोलिक आणि कालिक व्याप्ती, परवाना, संपर्क. पीपीएसआर कोअर लोकसहभागाच्या प्रकल्पांसाठी आहे. प्रकल्पाचा उद्देश काय, सहभागी होण्याची रीत काय, तो अजून चालू आहे का, हे त्यात येतं. तुमच्या कामाला पहिली दोन हवीतच. पीपीएसआरचे प्रकल्पाबद्दलचे प्रश्न वाचा आणि त्यांची उत्तरं ईएमएलच्या वर्णनात लिहा, सध्या तेवढं पुरे.

काहीही करण्याआधी मूळ शीट जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये ठेवून ते फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवा. सफाई प्रतीवरच करायची. ओपनरिफाइन हे विदा साफ करायचं मोफत साधन वापरलंत तर प्रत्येक बदलाची यादी आपोआप राहते आणि तीच पायरी पुढच्या शीटवर पुन्हा चालवता येते. हाताने "शोधा आणि बदला" केलं की सहा महिन्यांनी काय बदललं होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा संच "ऑकरन्स" (सुट्या नोंदी) म्हणून देऊ नका, "सॅम्पलिंग इव्हेंट" (ठरलेल्या पद्धतीने केलेली गणना) म्हणून द्या. ऑकरन्समध्ये "चापडगावला वारकरी पक्षी (कूट) ४०० दिसले" एवढंच कळतं. किती जणांनी, किती वेळ मोजलं आणि जे पक्षी यादीत नाहीत ते खरंच नव्हते की मोजलेच नाहीत, हे हरवतं. पाणीपातळीशी तुलना करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणजे दोन तक्ते करायचे. पहिला इव्हेंटचा: एक ठिकाण आणि एक सकाळ मिळून एक ओळ. दुसरा ऑकरन्सचा: त्या सकाळी त्या ठिकाणी दिसलेल्या प्रत्येक जातीची एक ओळ. दोन्ही इव्हेंट-आयडीने जोडलेले. इव्हेंटची एक ओळ साधारण अशी होईल:

इव्हेंट-आयडी: एनएमडब्ल्यू-चापडगाव-२०२५०११२
इव्हेंट-डेट: २०२५-०१-१२
सॅम्पलिंग-प्रोटोकॉल: मनोऱ्यावरून स्थिर बिंदू गणना, दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप
सॅम्पल-साइझ-व्हॅल्यू: १५०
सॅम्पल-साइझ-युनिट: मिनिट
सॅम्पलिंग-एफर्ट: ३ निरीक्षक, १ स्कोप, ०६:४५ ते ०९:१५

इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिलंय. फाईलमध्ये रकान्यांची नावं रोमन लिपीत, मधे जागा किंवा जोडरेघ न सोडता आणि पहिलं अक्षर लहान, अशीच लागतात. आकडेही इंग्रजीच (1, 2, 3). फॉर्मवर कोणी "१२" देवनागरीत टाकलं असेल तर एक्सेलला तो मजकूर दिसतो, बेरजेत तो पक्षी गायब होतो आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. संख्येच्या रकान्यात देवनागरी आकडे आधी शोधून काढा.

ऑकरन्स-आयडी ही दुसरी काळजीची गोष्ट. ओळीचा अनुक्रमांक आयडी म्हणून वापरू नका. कोणीतरी शीट नावानुसार लावली की सगळे क्रमांक फिरतात, आणि पुढच्या वेळी संच पुन्हा चढवला की जीबीआयएफला त्या नव्याच नोंदी वाटतात. इव्हेंट-आयडीला जातीचा ठरलेला संकेत जोडा, किंवा एकदाच यूयूआयडी (संगणकाने बनवलेला, दुसरीकडे न सापडणारा क्रमांक) तयार करून तो रकाना पुन्हा कधीही बदलू नका.

"१०-१२", "१००+", "खूप" यांचं काय? इंडिव्हिज्युअल-काउंट हा रकाना पूर्णांकच घेतो. माझं मत स्पष्ट आहे: जिथे नेमका आकडा नाही तिथे तो रकाना रिकामा ठेवा, ऑकरन्स-स्टेटस "प्रेझेंट" लिहा आणि मूळ शब्द जसाच्या तसा ऑकरन्स-रिमार्क्समध्ये ठेवा. मधला आकडा ११ काढून लिहिणं म्हणजे कोणी न मोजलेली संख्या संचात घालणं. गटाला खालची मर्यादाच धरायची असेल तर तीही चालेल, पण नियम एकच, सगळ्या वर्षांना सारखा, आणि ईएमएलच्या पद्धतीच्या भागात लिहिलेला. सोबत एक तपासणी करा: "१०-१२" नुसतं टाईप केलं तर एक्सेल त्याची तारीख करतं. संख्येच्या रकान्यात एखादी डिसेंबरची तारीख किंवा ४५,००० च्या आसपासचा विचित्र आकडा दिसला तर ते हेच.

शून्याच्या ओळी, म्हणजे "अॅबसेंट", सरसकट तयार करू नका. छापील तक्त्यावर ज्या जातींची नावं होती आणि त्या सकाळी तक्ता पूर्ण भरला अशी खूण आहे, तेवढ्यांपुरतंच शून्य म्हणता येतं. एरवी रिकामं म्हणजे माहीत नाही. "आम्ही फक्त पाणपक्षी मोजतो आणि त्यातले ओळखलेले सगळे नोंदवतो" हे इव्हेंटच्या पातळीवर सांगायची सोय हम्बोल्ट एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे डार्विन कोअरला जोडायच्या जादा रकान्यांमध्ये, आहे. तेवढे दोन-तीन रकाने भरलेत तरी शून्याच्या हजारो ओळी वाचतात.

नकाशा_निफाड

वरच्या उत्तराला जोडून जागा आणि तारखांबद्दल.

तारखा आधी घ्या, कारण त्या गुपचूप बिघडतात. संगणकाचं सेटिंग महिना-दिवस-वर्ष असेल आणि फॉर्म दिवस-महिना-वर्ष असा भरला असेल तर १२ पर्यंतचे दिवस उलटतात, १३ पासूनचे मजकूर म्हणून तसेच राहतात. रकान्याचं अलाइनमेंट काढून टाका. उजवीकडे सरकलेल्या तारखा एक्सेलने तारीख म्हणून घेतलेल्या, डावीकडे चिकटलेल्या मजकूर. दोन्ही प्रकार दिसले तर उजवीकडच्यांवर संशय घ्या. हिवाळी गणनेत जुलै दिसला तर लगेच कळतं, पण १, २, ३, ११ आणि १२ तारखा उलटूनही हिवाळ्यातच पडतात, त्या डोळ्यांना सापडत नाहीत. तुमची गणना रविवारचीच, हे इथे कामाला येतं. शेजारी वीकडेचं सूत्र टाका. १२ जानेवारी २०२५ रविवार होता. उलटून १ डिसेंबर २०२५ झाला असेल तर सोमवार निघेल.

तारखेचा नमुना वर्ष-महिना-दिवस, दुसरा नको. वेळ लिहायची तर पुढे +०५:३० लावा. काही अॅप वेळ युटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) साठवतात, तिथे सकाळचे ०६:४५ हे ०१:१५ होतात आणि पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद आदल्या दिवसावर जाते. गूगल फॉर्मचा टाइमस्टॅम्प म्हणजे फॉर्म पाठवल्याची वेळ. घरी जाऊन संध्याकाळी भरलेल्या फॉर्मवरून गणनेची वेळ काढू नका. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंचंही तसंच. साध्या फोटोतून जागा आणि वेळेची माहिती गळून जाते आणि फाईलच्या नावातली तारीख गणनेची असेलच असं नाही. इथून पुढे फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा.

अक्षांश-रेखांशाची नेहमीची चूक: २०° ०१′ १२″ हे दशांशात २०.०११२ असं लिहिणं. खरं उत्तर २० + १/६० + १२/३६०० = २०.०२००. फरक ०.००८८ अंशांचा, म्हणजे जमिनीवर जवळजवळ एक किलोमीटर. नांदूरला एवढ्यात पाणी सोडून उसात पोचाल. दुसरी चूक म्हणजे दोन्ही रकाने उलटे होणं. ७४ अक्षांश आणि २० रेखांश लिहिलंत तर तुमचे चक्रवाक स्वालबार्डजवळच्या समुद्रात दिसतील. ही निदान नकाशावर टाकल्या टाकल्या दिसते, पहिली दिसत नाही. म्हणून ठिकाणं सातच असतील तर नोंदींतले आकडे दुरुस्त करत बसू नका. सात जागा एकदा नीट मोजा, प्रत्येकीला लोकेशन-आयडी द्या आणि सगळ्या वर्षांना तेच लावा. मूळ लिहिलेलं व्हर्बॅटिम-कोऑर्डिनेट्समध्ये राहू द्या. एखाद्या वर्षी जागा खरंच बदलली होती असं मूळ शीटवरून दिसत असेल तर तिला वेगळा आयडी.

जिओडेटिक-डेटममध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या संदर्भप्रणालीत आहेत ते सांगणाऱ्या रकान्यात, डब्ल्यूजीएस८४ लिहा, म्हणजे ईपीएसजी:४३२६. जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरून जागा काढली असेल तर तिचा आधार एव्हरेस्ट डेटम असतो, रूपांतर न करता उतरवू नका.

कोऑर्डिनेट-अनसर्टन्टी-इन-मीटर्स हा रकाना बहुतेक जण सोडून देतात किंवा जीपीएसने दाखवलेले ५ मीटर टाकतात. तुमचा बिंदू मनोऱ्याचा आहे, पक्षी पाण्यात. स्कोपमधून ८०० मीटरपर्यंत मोजत असाल तर अनिश्चितता ८०० + ५ मीटर. शून्य कधीच लिहायचं नाही. माहीत नसेल तर रिकामं. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून मोजल्या जाणाऱ्या पाण्याचा बहुभुज काढून तो फूटप्रिंट-डब्ल्यूकेटी या आकार मजकुरात लिहायच्या रकान्यात देणं. गाळपेरीमुळे आणि आवर्तनाप्रमाणे काठ सरकतो, पण मोजणीची हद्द तीच राहिली हे त्यातून कळतं.

पाणीपातळीचा आकडा तुमच्याकडेही असेल तर तो मेजरमेंट-ऑर-फॅक्ट तक्त्यात इव्हेंट-आयडीला जोडा: काय मोजलं, किती, एकक, कसं. एकक चुकवू नका. पातळी मीटरमध्ये की फुटात, साठा दलघफूत (दशलक्ष घनफूट) की दलघमीत (दशलक्ष घनमीटर), विसर्ग असेल तर क्युसेक. १००० दलघफू म्हणजे १ टीएमसी, म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. "साठा ६०" एवढं लिहिलं तर ते टक्के की दलघमी, कोण सांगणार? आणि ती बंधाऱ्याची पातळी आहे की वरच्या धरणाची, तेही लिहा.

गोदाकाठ_गणना

दोघांचेही मनापासून आभार. इव्हेंटचा तक्ता करायला घेतोय. आणखी तीन गोष्टी विचारतो. मराठी नावांचं काय करायचं? काही सदस्य अंजनेरी आणि हरसूल भागातल्या गिधाडांच्या नोंदीही याच शीटमध्ये टाकतात, त्या द्यायच्या का? आणि मागच्या हंगामापासून नायट्रेटच्या पट्ट्या पाण्यात बुडवून रंग नोंदवतोय, ते या संचात बसतं का?

रानवाटा_पंचवटी

मराठी नाव पुसू नका. शीटमध्ये जे लिहिलं होतं ते व्हर्बॅटिम-आयडेंटिफिकेशनमध्ये जसंच्या तसं, आणि सायंटिफिक-नेममध्ये आजचं शास्त्रीय नाव. कोणती यादी कोणत्या आवृत्तीची वापरली ते नेम-अकॉर्डिंग-टूमध्ये. जांभळ्या पाणकोंबडीचं बघा. जुन्या शीटवर पॉर्फिरिओ पॉर्फिरिओ असेल, आताच्या यादीत आपल्याकडची पॉर्फिरिओ पॉलिओसेफॅलस आहे. मूळ नोंद ठेवली असेल तर पुढे यादी पुन्हा बदलली तरी परत जाता येतं. नुसतं "पाणकोंबडी" लिहिलेलं असेल तर अंदाजाने जात ठरवू नका. जांभळी की पांढऱ्या छातीची, हे कागदावरून कळत नसेल तर कुळापर्यंत थांबा: रॅलिडी, टॅक्सन-रँकमध्ये फॅमिली. दूरवरच्या छोट्या टिलव्यांच्या थव्यालाही हेच, कॅलिड्रिस प्रजातीवर (जीनस) थांबलेली नोंद चुकीच्या जातीपेक्षा उपयोगी असते. जीबीआयएफच्या नावं जुळवणाऱ्या साधनात सगळ्या नावांची यादी एकदम टाकता येते. "फझी", म्हणजे अंदाजे जुळलेल्या ओळी एकेक करून बघा, तिथे स्पेलिंगच्या चुका भलत्याच नावाला चिकटतात.

गिधाडांच्या नोंदी द्या, पण धूसर करून, आणि पाणपक्ष्यांच्या संचात नाही. लांब चोचीचं आणि पांढऱ्या पाठीचं, दोन्ही गिधाडं आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहेत, घरट्याचा कडा उघड करण्यासारखा नाही. पद्धत अशी: जागा ०.१ अंशाच्या चौकटीच्या मध्यावर आणा. आपल्या अक्षांशावर ती चौकट सुमारे ११ गुणिले १०.५ किलोमीटर, मध्यापासून कोपरा ७.६ किलोमीटर. म्हणून अनिश्चितता ८००० मीटर लिहा. डेटा-जनरलायझेशन्समध्ये "जागा ०.१ अंशापर्यंत धूसर केली, नेमकी जागा मागणीवर" असं वाक्य टाका.

इतकं करूनही जागा फुटते ती बाकीच्या रकान्यांतून. लोकॅलिटीत कड्याचं नाव राहतं, शेऱ्यात "अमुक वाडीच्या वरची कपार" असतं, फोटोच्या आत जीपीएस असतं. आणि ऑकरन्स धूसर केली पण तिचा इव्हेंट नेमक्या जागेचा ठेवला तर कोणीही दोन तक्ते जोडून कडा शोधेल. धूसर नोंदींचे इव्हेंटही धूसर हवेत. अंजनेरीवरची सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पं, कोणी नोंदवत असेल तर त्यांनाही हाच नियम. कंद उकरून नेणाऱ्याला नेमका बिंदूच हवा असतो.

स्वयंसेवकांची माहितीही तितकीच जपा. फोन आणि ईमेलचे रकाने लपवू नका, काढूनच टाका. लपवलेला रकाना फाईलमध्ये तसाच असतो. रेकॉर्डेड-बायमध्ये नाव द्यायला प्रत्येकाची संमती घ्या. ज्याची मिळणार नाही त्याला "निरीक्षक-०७" असा संकेत, सगळ्या वर्षांना तोच. परवाना जीबीआयएफवर तीनच चालतात: सीसी झिरो (कोणतीही अट नाही), सीसी बाय (श्रेय द्यायचं), सीसी बाय-एनसी (श्रेय द्यायचं आणि वापर अव्यावसायिकच). मी सीसी बाय सुचवेन. एनसी लावलं की अव्यावसायिक म्हणजे काय यावर वाद होतो आणि साध्या कामालाही लोक संच बाजूला ठेवतात. पण निर्णय गटाचा, आणि तो नोंदी देणाऱ्यांना विचारून.

पाणीपरीक्षा

नायट्रेटच्या पट्ट्या बसतात, मेजरमेंट-ऑर-फॅक्टमध्येच. पट्टीच्या डबीवर ०, १०, २५, ५० असे रंग असतील आणि तुमचा रंग १० आणि २५ च्या मधला वाटला तर १७ लिहू नका, "१०–२५" लिहा. मेजरमेंट-मेथडमध्ये पट्टीचा प्रकार, बुडवल्यानंतर किती सेकंदांनी वाचली आणि पट्ट्यांची मुदत कधीची, हे लिहा. उघड्या डबीतल्या पट्ट्या दमट हवेत लवकर बिघडतात.

सर्वांत मोठा गोंधळ एककाचा. काही डब्यांवर आकडा नायट्रेट म्हणून असतो, काहींवर नायट्रेट-नायट्रोजन म्हणून. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं. आयएस १०५००:२०१२ मधली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही नायट्रेट म्हणून आहे, नायट्रोजन म्हणून ती सुमारे १० होते. एका हंगामात एक डबी आणि पुढच्या हंगामात दुसरी घेतली तर नदी चौपट सुधारलेली किंवा बिघडलेली दिसेल. डबीवरच्या रंगपट्टीचा फोटो प्रत्येक नव्या डबीबरोबर काढून ठेवा.

नोंदवही

राहिलं ई-बर्ड आणि प्रसिद्धी. ई-बर्डच्या नोंदी त्यांच्याकडून जीबीआयएफवर जातातच, त्यामुळे तीच सकाळ दोनदा मोजली जाण्याची भीती खरी आहे. पण तिघांनी मिळून केलेली गणना आणि त्यातल्या एकाची वैयक्तिक यादी एकसारखी नसते, म्हणून तुमच्या ओळी गाळू नका. ज्या इव्हेंटची ई-बर्ड यादी सापडेल तिचा "एस" ने सुरू होणारा क्रमांक इव्हेंट-रिमार्क्समध्ये लिहा आणि अशी दुहेरी नोंद असल्याचं ईएमएलमध्ये सांगा. विश्लेषण करणारी व्यक्ती मग हवं ते वगळेल.

जीबीआयएफवर व्यक्ती म्हणून संच चढवता येत नाही. मान्यता मिळालेली संस्था प्रकाशक लागते. गट नोंदणीकृत नसेल तर एखादं महाविद्यालय किंवा आधीच प्रकाशक असलेली संस्था गाठा. फाईल आयपीटी या जीबीआयएफच्या प्रकाशन साधनातून तयार होते: इव्हेंटचा तक्ता, ऑकरन्सचा तक्ता, मोजमापांचा तक्ता, रकाने समजावणारी मेटा फाईल आणि ईएमएल, सगळं एका झिपमध्ये. मान्यतेला वेळ लागतो, विद्यार्थिनीला तोवर थांबवू नका. तीच झिप झेनोडो या खुल्या संशोधन-भांडारात ठेवली की लगेच डीओआय (कायमचा संदर्भ-क्रमांक) मिळतो आणि तिला प्रबंधात संदर्भ देता येतो.

झिप आधी जीबीआयएफच्या डेटा व्हॅलिडेटरमधून काढा. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच साठवा. एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली तर मराठी मजकूर बिघडलेला दिसू शकतो, आणि तशीच सेव्ह केली की तो कायमचा जातो. डेटा मेनूतून "फ्रॉम टेक्स्ट" निवडून ६५००१ एन्कोडिंगने उघडा. व्हॅलिडेटर देश आणि जागा जुळत नाही, तारीख वाचता येत नाही, नाव सापडत नाही, संख्या शून्य पण स्टेटस प्रेझेंट, असल्या चुका दाखवतो. चापडगावचे आकडे खाणगाव थडीच्या ओळीत गेले तर तो काही बोलणार नाही. त्यासाठी प्रत्येक हंगामातल्या काही सकाळी निवडून मूळ कागदी तक्त्याशी ओळ न् ओळ ताडून बघा, आणि हे काम शीट भरणाऱ्याने नाही, दुसऱ्याने करावं.